साहेबानं माळ दिला, माती आम्ही आणली

राहेलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका खोट्या घरात उभा होतो. वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्याला लागून एका बिल्डरचं कार्यालय आहे आणि त्याच्या मागे नमुन्याचा फ्लॅट मांडलेला आहे. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, कपाटात नुसते पुठ्ठे असलेली पुस्तकं, आणि बैठकीच्या खोलीत काचेखाली आमच्या मिशनमाळाचं, म्हणजे आमच्या चर्चच्या जागेचं, भविष्य... उंच इमारती, मधोमध निळा पोहण्याचा तलाव, आणि वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर, जिमच्या शेजारी, एक पांढरी खोली. तिच्यावर बोटाएवढा क्रूस. ते आमचं नवं चर्च. आमच्या प्रेसबिटेरियन मंडळीत कारभार पाहणाऱ्यांना ‘वडील’ म्हणतात. मंडळीनं निवडून दिलेली ही माणसं. आम्ही काही वडील त्या दिवशी तो नमुना बघायला गेलो होतो. बिल्डरचा माणूस म्हणत होता, “चर्चला सेपरेट लिफ्ट देतोय सर, सिनियर सिटिझन्ससाठी,” आणि मी मान डोलवत होतो. तेवढ्यात खिशात फोन थरथरला.

“सलाम, विजयराव,” आमचे पाळकसाहेब म्हणाले. “आत्या प्रभूत निजल्या. सकाळीच. लिंबाखाली खुर्चीत बसल्या होत्या, तिथेच.”

मी फोन ठेवला. शेजारी शांतवनकाका उभे होते, आमच्या वडिलांमधले सर्वांत ज्येष्ठ. त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. मग इतक्या हळू आवाजात विचारलं की बिल्डरच्या माणसाला ऐकू जाऊ नये... “पुरायचं कुठं?”

हा प्रश्न कोणाला निष्ठुर वाटेल. तो निष्ठुर नव्हता. काही महिन्यांपूर्वीच आम्ही वडिलांनी ठराव केला होता की जमिनीची बोलणी पुरी होईपर्यंत माळावर नवीन दफन करायचं नाही. जुन्या कबरी सन्मानानं हलवता येतील असं बिल्डर म्हणाला होता, पण नव्या कबरीनं काम अडतं. ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत मी होतो. आणि ज्या बाईला त्या माळाबाहेर कुठेही ठेवणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा मारणं होतं, ती माझ्या बाबांची थोरली बहीण होती.

आत्या हडपसरच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. निवृत्त झाली तरी शिट्टी गळ्यातून उतरली नाही. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, “वेळ मिळाला नाही. मैदान मोकळं व्हायचं तेव्हा अंधार पडलेला असायचा.” चर्चच्या शेजारच्या दोन खोल्यांत ती राहायची, आणि शाळेत जायला तिची लूना होती. त्या लूनाच्या मागे बसून मी लहानपणी अर्धं हडपसर पाहिलं आहे. सगळी मंडळी तिला आत्याच म्हणायची, पाळकसाहेबसुद्धा, आणि ते तिला थोडे भीतही असत. प्रवचन लांबलं की ती मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघायची, बंद पडलंय का म्हणून. एकदा भक्ती संपल्यावर दारात तिनं त्यांना विचारलं, “आज संपवलंत ते बरं केलंत. मला वाटलं प्रभूच्या पुनरागमनापर्यंत बसायचंय.” पाळकसाहेब हसले. पुढच्या रविवारी प्रवचन आटोपशीर झालं.

आमच्या चर्चच्या दाराशेजारी भिंतीत एक दगड बसवलेला आहे. त्यावर मिशनच्या साहेबाचं नाव कोरलं आहे आणि इंग्रजीत लिहिलं आहे की मिशननं ही ओसाड जमीन मिळवून इथे प्रार्थनाघर उभारलं. पाहुणे आले की तो दगड वाचतात. आत्या शेजारी उभी राहायची आणि वाचून होईपर्यंत थांबायची. मग म्हणायची, “साहेबाचं नाव दगडावर आहे ते अगदी योग्य आहे. साहेबानं दगडच दिले.” पाहुण्यांना कळायचं नाही. मग ती त्यांना उन्हात मागच्या बाजूला न्यायची आणि गोष्ट सांगायची. ती मी इतक्या वेळा ऐकली होती की ऐकणं बंद केलं होतं. आता ती सांगायला ती नाही, म्हणून मी सांगतो.

गावातल्या महारवाड्यातल्या काही घरांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांचं काम तोडलं. सुगीला मिळणारा धान्याचा वाटा गेला. विहीर तर आधीपासूनच बंद होती. पुण्याहून घोड्यावर येणारा एक स्कॉच साहेब होता. त्यानं सरकारदरबारी खेटे घालून या लोकांसाठी जमीन मिळवली, म्हणजे कोणालाच नको असलेला माळ मिळवला. नुसता खडक. आत्या म्हणायची, “गवतसुद्धा तिथं विचार करून उगवायचं.” लोकांनी झोपड्या घातल्या. आणि त्याच वर्षी आत्याच्या पणजीचं, येसाईचं, तान्हं मूल गेलं. गावाच्या मसणवटीत जागा मिळणार नव्हती. पुरुषांनी माळावर कुदळी घातल्या. वीतभर खाली गेलं की कुदळ घण घण वाजायची. कसाबसा गुडघाभर खड्डा झाला. त्यात मुलाला ठेवलं, साहेबानं पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली, आणि ‘मातीला माती’ या शब्दांपाशी तो थांबला. मूठभर माती टाकायची असते तिथे. पण टाकायला माती कुठे होती? खड्ड्यातून निघालेले दगडाचे कपचे होते फक्त. एकानं ते उचलले तेव्हा येसाई म्हणाली, “माझ्या लेकरावर दगड न्हाई टाकू द्यायची.” ओली बाळंतीण होती. तिनं कोणाची तरी पाटी घेतली, डोक्यावरून माती वाहायची बांबूची पाटी, आणि ती ओढ्याकडे चालू लागली. गाळाची काळी माती भरून माळ चढून आली. पाटी उपडी केली. परत गेली. मग दुसऱ्या बाया उठल्या, मग पुरुष. साहेब पुस्तक उघडं धरून तसाच उभा राहिला... माती पुरेशी होईपर्यंत.

“साहेबानंही आपल्या हॅटमधून माती आणली असं सांगतात,” आत्या शेवटी म्हणायची. “मला खरं वाटत नाही. पण आणली असेल तर आणली असेल. हॅटभर.”

पुढच्या रविवारी येसाई भक्तीला आली ती डोक्यावर पाटी घेऊनच. पावसानं लेकरावरची माती वाहून जाईल ही भीती. तिचं बघून इतरांनीही आणली. तिथून तो आमचा रिवाज झाला. मंडळीत जो कोणी नव्यानं येईल, बाप्तिस्मा घेऊन येवो की सून म्हणून, त्यानं एक पाटी माती आणून माळावर टाकायची आणि मग आत जाऊन बसायचं. कोणी गेलं तरी माती, पीक आलं तरी माती. अशानं त्या खडकावर आधी ज्वारी झाली, मग शेवगा, मग लिंब. लग्न नसल्यामुळे आत्याची सुनेची पाटी कुठल्याच मंडळीत पडणार नव्हती. तिनं पहिला पगार झाला त्या रविवारी स्वतःहून पाटी आणली. तेव्हाचे वडील म्हणाले, असा रिवाज नाही. ती म्हणाली, “आता आहे.” तिच्यानंतर नोकरीला लागलेल्या प्रत्येक मुलीनं पगाराची पाटी आणली आहे.

माझ्या घरची पाटी मात्र आली नाही. माझं लग्न कोथरूडला झालं, हॉलमध्ये. सुनीताच्या घरचे शिकलेले, बँकेतले माझे साहेब लोक आलेले, आणि दुसऱ्या दिवशी नव्या नवरीला डोक्यावर मातीची पाटी देऊन माळ चढवायचा... मला ते नको होतं. मी आत्याला सांगितलं की सुनीताला हे आवडणार नाही. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. “तिला विचारलंस?” मी म्हणालो, “विचारायचं काय त्यात?” “बरं,” ती म्हणाली, “तुझी पाटी बाकी आहे एवढं लक्षात ठेव.” त्यानंतर इतक्या वर्षांत ती मला कधी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला विसरली असेल, पण पाटी बाकी आहे याची आठवण द्यायला विसरली नाही. मला पदोन्नती मिळाली तेव्हाही म्हणाली, “छान. केबिन मिळाली का? खिडकीत पाटी ठेवायला जागा आहे ना?”

मग शहर माळापर्यंत आलं. आधी ओढ्याचा सिमेंटचा नाला झाला, मग आजूबाजूची शेतं गेली, मग चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि आमचा माळ त्यांच्या मधे खोल खड्ड्यासारखा दिसायला लागला, जरी तो खरं तर उंचवटा होता. बिल्डरची माणसं यायला लागली. आणि मी प्रामाणिकपणे लिहितो, त्यांचं म्हणणं मला पटत होतं. चर्चचं छत गळतं. पावसात बाया छत्री उघडून प्रार्थना करतात. धड स्वच्छतागृह नाही. तरुण मुलं खराडी-हिंजवडीला कामाला लागली आणि रविवारी झोपतात. शांतवनकाका म्हणत, “विजय, माती बघत बसलो तर माणसं जातील. मुलांना चांगला हॉल दिला तर येतील तरी.” ते स्वार्थी नव्हते. त्यांनी स्वतः कितीतरी पावसाळे छतावर चढून कौलं बसवली आहेत. त्यांच्या गुडघ्यांना आता शिडी सोसत नव्हती. मी त्यांच्या बाजूनं गेलो त्यात हा विचार होता. पण तेवढाच होता असं म्हटलं तर खोटं होईल. तो माळ मला लहानपणापासून कोणाच्या तरी पुढे लपवावासा वाटत आला होता. त्याच्या जागी लिफ्ट आणि काच आली तर मला आयुष्यभर जी एक गोष्ट समजावून सांगावी लागते ती सांगावी लागणार नाही, असं मनात होतं. आत्याला हे ठाऊक होतं. ती मला ओळखून होती, ही माझी अडचण होती.

वडिलांच्या बैठकीला आत्या पाहुणी म्हणून यायची. तिला तसा अधिकार नव्हता, पण तिला अडवण्याचा ठराव मांडायची हिंमतही कोणात नव्हती. एकदा एक तरुण बाई बोलायला उठली. तिचा नवरा इथे पुरलेला आहे. आम्ही दोघं-तिघं एकदम तिला समजवायला लागलो. आत्यानं शिट्टी फुंकली. बंद खोलीत. शांतवनकाकांचा चहा सांडला. “फाउल,” आत्या म्हणाली. “चेंडू तिच्याकडे आहे.” मग सगळे गप्प बसले आणि ती बाई बोलली. तरीही पुढच्या बैठकीत, आत्या नसताना, दफनबंदीचा ठराव मंजूर झाला.

त्याच सुमारास बिल्डरनं जमीन तपासायला यंत्र आणलं. चर्चच्या मागच्या मोकळ्या तुकड्यात ते उभं करून भोक पाडत गेले आणि खालून निघालेले मातीचे नळकांड्यासारखे तुकडे ओळीनं मांडून ठेवले. तरुण इंजिनिअर होता, नम्र मुलगा. आत्या खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसली होती, सामना बघायला बसावं तशी. मी बँकेतून रजा काढून आलो होतो. त्या मुलानं तुकडे बघितले, बोटांनी चुरले, आणि त्याच्या माणसाला लिहायला सांगितलं की वरचा सगळा थर भरावाचा आहे.

“म्हणजे काय रे?” आत्यानं विचारलं.

“म्हणजे काकू, ही माती इथली नाही. खाली सलग खडक आहे. वरचं हे सगळं कोणीतरी बाहेरून आणून टाकलेलं आहे. नदीकाठची, ओढ्याची असते तशी माती आहे ही. पण एवढी कोणी आणली असेल?”

मी आत्याकडे बघायचं टाळलं. लहानपणापासून ऐकलेली आणि मनातल्या मनात दंतकथा म्हणून बाजूला ठेवलेली ती गोष्ट तिथे ओळीनं मांडून ठेवली होती. वर काळी, खाली मुरूम, त्याच्या खाली खडक.

“मग आता हिचं काय करणार?” आत्या म्हणाली.

“काढून टाकावी लागेल ना. भराव वजन घेत नाही, काकू.”

“वजन घेत नाही?” आत्या उठली. “अरे बाळा, आमची सगळी मंडळी घेतली की तिनं.”

मग तिनं वाकून त्या काळ्या तुकड्यातली ओंजळभर माती घेतली, माझ्यापाशी आली आणि माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात ती घातली. वरून खिसा थोपटला. “कोथरूडला घेऊन जा,” म्हणाली. “तिथं इमारतीचं वजन घेते का बघ.” त्या मुलाला हसावं की नाही कळेना. घरी आलो तेव्हा सुनीतानं शर्ट बघितला. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे, तिच्यात खिसा उपडा केला आणि शर्ट भिजत टाकला.

आत्याची माझी शेवटची भेट त्यानंतरची. ती लिंबाखाली बसली होती. सायटिकानं पाय आखडला होता, पण बूट घातलेले होते.

“दफनबंदीच्या ठरावाला हात वर केलास म्हणे.”

“हो.”

“कुठला?”

“म्हणजे?”

“कुठला हात?”

“उजवा.”

“सरळ केलास का तरी? शाळेत असताना तुझा हात कधी कोपरात सरळ झाला नाही.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. ती हसली नाही. “मला कुठं ठेवणार मग?” तिनं विचारलं. मी म्हणालो, असं का बोलतेस, आणि मग बँकेत ग्राहकाला योजना समजावतो त्या आवाजात सांगू लागलो की शहरातलं ख्रिस्ती दफनस्थान चांगलं आहे, भिंत आहे, दिवे आहेत, माळी आहे.

“मी तिथं कोणाला ओळखत नाही,” आत्या म्हणाली.

शेजारच्या इमारतीतून कुठल्या तरी क्लासमधल्या मुलांचा पाढे म्हटल्यासारखा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “आपल्या मंडळीत बिशप नाही, विज्या. वरून हुकूम येत नाही आपल्याला. साहेबानं एवढं एक चांगलं शिकवलं. मंडळी वडील निवडते. आणि वडील चुकले तर मंडळी त्यांना खाली बसवते. किंवा...” ती थांबली. “किंवा ते आपणहून बसतात.” मी उठलो, तिला सलाम केला. तिनं शिट्टी हातात घेतली होती, पण वाजवली नाही.

म्हणून त्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये शांतवनकाकांनी “पुरायचं कुठं?” विचारलं तेव्हा मी काचेखालच्या त्या निळ्या तलावाकडे बघत होतो. तलाव नेमका लिंबाच्या जागी होता.

“माळावर,” मी म्हणालो.

“ठराव आहे, विजय.”

“माझाच आहे. मी मोडतो.”

“बिल्डर मागं हटेल.”

“हटू दे.”

“बाकीच्या वडिलांना काय सांगणार?”

“खाली बसा म्हणून सांगणार. आधी मी बसतो.” माझा आवाज मोठा झाला असावा, कारण बिल्डरचा माणूस पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि दारातच थांबला. मी त्याला सांगितलं की आमच्या घरात मयत झाली आहे, आम्हाला निघायला हवं. तो फार चांगल्या मनानं म्हणाला, “सर, काही मदत लागली तर सांगा.” मी म्हणालो, “चर्चच्या मागे तुमचं यंत्र उभं आहे, ते तेवढं उचला. तिथं कबर खणायची आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोथरूडहून निघताना सुनीता गॅलरीत होती. तिनं कढीपत्त्याचं झाड मुळांसकट काढून बादलीत ठेवलं होतं आणि कुंडीतली माती जुन्या घमेल्यात ओतत होती. मी विचारलं, हे काय.

“माझी पाटी,” ती म्हणाली.

“तुला कोणी सांगितलं?”

“आत्यांनी. लग्नानंतर पहिल्यांदा चर्चला गेलो ना, त्याच दिवशी. मी लगेच आणते म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, आत्ता नको. तुझ्या नवऱ्याला लाज वाटते, त्याची लाज गेली की आण.” ती घमेलं उचलायला वाकली. “मी वाट बघत होते.”

मी ते घमेलं तिच्या हातातून घ्यायला गेलो. तिनं दिलं नाही. खाली वॉचमननं विचारलं, “मॅडम, माती कुठं?” ती म्हणाली, “सासरी.”

माळावर कबर खणायला गावातली तरुण मुलं लागली होती. मी पोचलो तेव्हा त्यातला एक छातीपर्यंत खड्ड्यात होता. घाम पुसत वर बघून म्हणाला, “काका, आत्ता खडक लागंल म्हणलं, मग लागंल म्हणलं... लागलाच न्हाई बगा. निस्ती माती हाय.” त्याला ती गोष्ट नीट माहीत नव्हती. मी कडेला उभा राहून खाली बघितलं. ज्या माळावर एका तान्ह्या मुलापुरता खड्डासुद्धा कसाबसा गुडघाभर झाला होता, तिथे पूर्ण उंचीच्या बाईसाठी पूर्ण खोलीची कबर झाली होती. आणि कुदळ एकदाही वाजली नव्हती. मी आयुष्यात कधी कशाचा अभिमान बाळगला असेल-नसेल, त्या खड्ड्याचा मला अभिमान वाटला. हे विचित्र वाटेल, पण तसंच आहे.

लोक आले. मला वाटलं होतं की माती फक्त सुनीतानं आणली असेल. पण एकामागून एक येत होते आणि कोणाच्या हातात कुंडी होती, कोणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, एका बाईनं तर स्टीलच्या डब्यात आणली होती, टिफिनच्या. जवळ ओढा उरला नाही, शेत उरलं नाही. ज्यांना जिथे माती सापडली तिथून त्यांनी ती उचलली होती. रविवारी झोपणारी मुलं आली होती. हडपसरच्या शाळेतल्या तिच्या विद्यार्थिनी आल्या होत्या, आता आज्या झालेल्या, त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती नाहीत. त्यांनी ओळीत उभं राहून, आत्यानं शिकवलं तसं, एकेक मूठ टाकली. पाळकसाहेब ‘मातीला माती’ म्हणाले आणि पुस्तक उघडं धरून थांबले. सगळ्यांची माती टाकून होईपर्यंत ते थांबले. सुनीतानं घमेलं डोक्यावर घेतलं होतं. तिनं ते उपडं केलं तेव्हा त्यात कढीपत्त्याची दोन पानं होती. तीही गेली.

नंतर एका रविवारी सबंध मंडळी बसली. शांतवनकाकांनी छताचं सांगितलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग मी उठलो. मी फार बोललो नाही, मला बोलता येत नाही. मी एवढंच म्हणालो की ज्या मातीला इंजिनिअर भराव म्हणतो तिला आपण मंडळी म्हणतो, आणि जी लोकांनी डोक्यावरून वाहून आणली ती ट्रकनं काढून नेण्याचा अधिकार आम्हा वडिलांना कोणी दिलेला नाही. मिशनलाही नव्हता. दगडावर साहेबाचं नाव आहे ते राहू द्या. पण जमीन विकायची असेल तर साहेबानं जेवढं दिलं तेवढंच विकता येईल, आणि ते खाली आहे, खडक. वरचं आमचं आहे. मग मी वडीलपदावरून खाली बसलो. शब्दशः, मागच्या बाकावर जाऊन. मंडळीनं बोलणी थांबवायचा निर्णय घेतला. शांतवनकाकांनी विरोधात हात वर केला. मला त्यांचा आदर वाटला. त्यांचा हात अगदी सरळ होता.

पण त्याच्या पुढच्या रविवारी ते स्कूटरच्या डिकीत माती घेऊन आले. मी बघतोय हे पाहून म्हणाले, “मत वेगळं, माती वेगळी. छत गळतंय ते गळतंय.” आता छतासाठी आम्ही दोघं मिळून हात-पाय मारतो आहोत. शिडीवर मी चढतो, ते खालून ओरडतात.

आत्याच्या दोन खोल्या अजून तशाच आहेत. बूट दाराशी आहेत. मी काहीही हलवलं नाही, फक्त एक वस्तू तिथून चर्चच्या दालनात आणली. येसाईची पाटी कधीच कुजून गेली. त्यानंतर अनेक पाट्या आल्या आणि कुजल्या. आत्याकडची शेवटची होती. ती दाराच्या आत खिळ्याला टांगली आहे, साहेबाच्या दगडाच्या बरोबर पलीकडच्या बाजूला, आणि पाटीच्या काठाला तिची शिट्टी बांधली आहे. रविवारी ज्याला माती आणायची तो पाटी काढून नेतो आणि परत टांगतो. टांगताना शिट्टी भिंतीवर आपटते आणि बारीक आवाज होतो. लोक आपोआप ताठ बसतात.

बिल्डरचा माणूस गेल्या आठवड्यात पुन्हा येऊन गेला. नवीन आराखडा आणला होता, या वेळी चर्च तळमजल्यावर, जिम नाही, लिंब तसाच ठेवू म्हणतात. मी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, विचार करा सर, आम्ही परत येऊ. येऊ देत. तोवर माळ आणखी एक पाटी उंच झालेला असेल.